जोडसुरी गहाळ

१

दर गुरुवारी अकरा ते एक या वेळात नागसेन सोनकांबळे सर उदगीरच्या कॉलेजातल्या जिन्याखालच्या खोलीत बसत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण इतिहास विभागाचं वस्तुसंग्रहालय म्हणवली जाणारी ही खोली त्यांनी सोडली नव्हती, आणि फुकटात काम होतंय म्हटल्यावर कॉलेजनंही त्यांना सोडलं नव्हतं. त्या दोन तासांत कोणीही घरातली जुनी वस्तू घेऊन यावं, सरांनी ती बघावी आणि काय आहे, केव्हाची आहे ते कागदावर लिहून द्यावं, असा रिवाज होता. येणाऱ्या प्रत्येकाची वस्तू हजार वर्षांची असे. मागच्याच महिन्यात एकाचा ताम्रपट पिठाच्या गिरणीच्या पाटीचा तुकडा निघाला होता. सर कोणाला हसत नसत, निदान तोंडावर तरी नाही. "वस्तू खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून ऐकून शिपायालाही पाठ झालं होतं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी देगलूरहून शिवलिंग नावाचा पन्नाशीचा किराणा दुकानदार आला. त्यानं टॉवेलात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि हात पँटीला पुसले.

"आमच्या आज्याला कुन्या सायबानं दिल्याली हाय. निजामाच्या टायमाला शिकारीला जायचे म्हने. किती जुनी हाय तेवढं लिहून द्या सर."

सरांनी टॉवेल उलगडला. काळ्या पडलेल्या चामड्याच्या म्यानात शिंगाच्या मुठीचा सुरा होता. उचलला तसा तो आत खुळखुळ वाजला. पातं झिजल्याचं ते लक्षण. वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं अरुंद झालं की म्यान त्याला सैल होतं, म्हाताऱ्या माणसाला त्याचाच जुना सदरा ढगळ होतो तसं. मूठ सांबराच्या शिंगासारखी, पण शिंग युरोपातल्या हरणाचं. मुठीखालच्या आडव्या दांडीची दोन्ही टोकं हरणाच्या खुरांसारखी घडवलेली. पात्यावर पुसट नक्षी, आणि बुडाशी इंग्रजी अक्षरांचा उरलासुरला माग. हा जर्मन शिकारी सुरा आहे, हे सरांना पहिल्या नजरेत कळलं. असा सुरा त्यांनी आजवर फक्त पुस्तकांत बघितला होता, त्यामुळे गडी मनातून हरखला.

नाव-पत्ता वहीत उतरवून सरांनी पावती फाडली. तोवर शिवलिंग दारापर्यंत पोचला होता.

"अहो, पावती."

"राहू द्या सर. तुमच्यावर विश्वास हाय."

पावती न घेता गेलेला हा पहिलाच माणूस. भोकाचा एक पैसा ठेवून जाणारी म्हातारीसुद्धा पावती कनवटीला लावून नेत असे. सरांना तेवढं खटकलं. पण एसटीची वेळ झाली असेल, असं म्हणून त्यांनी पावती पुस्तकातच ठेवली. कपाटाचं कुलूप महिनाभर बिघडलेलं होतं, म्हणून सुरा त्यांनी पिशवीत घालून घरी नेला.

२

घरात सतरा दिवसांची नात होती. लेक धम्मप्रिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि बाळ आठव्याच महिन्यात झालेलं. हातात घेतलं तर आपण काही घेतलंय असं वाटू नये, इतकी ती हलकी होती. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं होतं, रोज वजन करा, वाढत गेलं पाहिजे. अठराशे ग्रॅमच्या खाली गेली तर विचारायला थांबू नका, सरळ लातूरला काचेच्या पेटीत ठेवायला न्या. तसली पोरं तिथून सगळीच परत येत नाहीत, हे त्या बोलल्या नाहीत, पण सरांना समजलं.

जावई आदर्श नांदेडला नोकरीला होता. त्यानं एकेक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पाठवून दिला होता. रोज सकाळी आठला धुरपताबाई, म्हणजे सरांची बायको, काट्यावर दुपटं अंथरायच्या, आकडा शून्यावर आणायच्या आणि पोरीला अलगद ठेवायच्या. काटा 'टीं' वाजायचा. सर शंभर पानी वहीत उजव्या पानावर आकडा लिहायचे. त्या गुरुवारी एकोणीसशे भरलं. चार दिवसांत बारा ग्रॅमनं वाढलेली होती पोर, आणि त्या बारा ग्रॅमचं घरात कोण कौतुक.

दुपारी त्याच काट्यावर सरांनी सुरा ठेवला. त्यांची एक शिस्त होती. जुनी वस्तू साफ करायची तर रोज थोडं थोडं तेल लावून, मऊ फडक्यानं, आणि रोज वजन करून. साफसफाईत वस्तूचं स्वतःचं काही जाता कामा नये. वहीच्या डाव्या पानावर त्यांनी नोंद केली: सुरा, २७१ ग्रॅम. पातं मधोमध २५ मिलिमीटर. नुसतं म्यान, ९६ ग्रॅम. म्यानाच्या तोंडाशी आणखी एक अरुंद खोबण शिवलेली होती. असल्या सुऱ्यांच्या सोबत कातडी सोलायला एक छोटी सुरी असते, मोठ्या सुऱ्याच्या पाठीवर बसणारी. खोबण रिकामी होती. सरांनी खाली लिहिलं, 'जोडसुरी: गहाळ.'

धुरपताबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या.

"कुठलं म्हणलाव हे?"

"जर्मनचं."

"मग हलकं असंल की. आपल्या जर्मनच्या भगुण्यावानी."

सर हसले. ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणणाऱ्या मुलखात त्यांनी तीस वर्षं युरोपचा इतिहास शिकवला होता.

"भगुणं नाही हे. अस्सल पोलाद आहे."

"पोलाद म्हंजी लोखंडच की वो?"

"लोखंडच."

धुरपताबाईंनी मान डोलावली आणि मेथीची जुडी पुढं ओढली. सरांनी सुरा बाहेरच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवला. कच्चा अंदाज त्यांनी बांधून टाकला होता. माल इंग्रजांच्या मुलखात विकायचा तर त्यावर देशाचं नाव हवं, हा कायदा १८८७ चा. पात्याच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं दिसतात, म्हणजे सुरा त्यानंतरचा. आणि एवढी झीज व्हायला दोन पिढ्या तरी रोजची धार लागते.

३

शुक्रवारी, शनिवारी सुरा थोडाथोडा जास्त भरला, ते सरांनी नुसतं लिहून ठेवलं होतं. रविवारी सकाळी काट्यानं २८३ दाखवले.

सरांनी सुरा उचलून परत ठेवला. २८३. तेल मुरलं असेल, असं ते स्वतःशी म्हणाले आणि लगेच स्वतःवरच वैतागले. पोलादात तेल मुरत नाही, आणि शिंग मुरवून मुरवून किती मुरवणार, बारा ग्रॅम? काटा बिघडला असेल. त्यांनी स्वयंपाकघरातून मिठाचा न फोडलेला पुडा आणला. एक हजार चार. चार ग्रॅम पिशवीचे धरले तर काटा चोख होता.

मग त्यांनी भिंग घेतलं. पात्यावरच्या नक्षीत एक हरीण पळत होतं आणि त्याच्या मागं कुत्री. गुरुवारी दोन कुत्री होती. आज तीन होती. तिसरं धारेच्या अगदी कडेला, तोंड उघडं, पुढचे पाय हवेत.

साफ केल्यावर मळाखालची नक्षी वर येते, त्यात नवल काही नाही. सरांनी मोबाइलमधला गुरुवारचा फोटो काढून मोठा केला. जिथं तिसरं कुत्रं होतं, तिथं त्या फोटोत मळ नव्हता. तिथं पातंच नव्हतं. धार आतवर झिजलेली होती आणि तिच्या पलीकडे टेबलाचा सनमायका दिसत होता.

व्हर्निअर लावून त्यांनी रुंदी मोजली. सव्वीसच्या वर. बुडाशी देशाचं नाव आता सगळं वाचता येत होतं, आणि त्याच्या खाली कारागिराची खूण, एका पायावर उभा असलेला बगळा. ओळख पटवायला याहून चांगला पुरावा मिळत नसतो. एरवी सरांनी आनंदानं घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी सुरा म्यानात घातला आणि कानाशी नेऊन हलवला. खुळखुळ होती, पण कमी झाली होती.

आतून धम्मप्रियाचा आवाज आला. "पप्पा, आजपण कमीच भरली ही. अठराशे अठ्ठ्याऐंशी. लिहून घ्या."

सरांनी उजव्या पानावर लिहून घेतलं. तेव्हा त्यांनी डाव्या पानाकडं पाहिलं नाही, आणि याचं त्यांना पुढं फार वाईट वाटत राहिलं.

४

गुरुवारी पोरीला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीला नळी लावली. डॉक्टरीणबाई दोनदा सगळे कागद बघून म्हणाल्या, "मला तर काहीच सापडत नाही. पितेय, पचतंय, ताप नाही. अंगाशी धरून ठेवा, दर दोन तासाला पाजा. अठराशेची खूणगाठ मात्र विसरू नका."

कॉलेजची खोली त्या दिवशी बंदच राहिली. घरी येऊन सरांनी वही उघडली. पोर एक हजार आठशे एकाहत्तर. सुरा तीनशे. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं आणि दोन्ही पानं एकदम डोळ्यांसमोर होती. डावीकडं रोज जेवढं वाढलं होतं, उजवीकडं रोज तेवढंच घटलं होतं. ग्रॅमला ग्रॅम. पहिल्या दिवशीची बेरीज दोन हजार एकशे एकाहत्तर. आजची दोन हजार एकशे एकाहत्तर. मधल्या सगळ्या दिवसांची तीच.

योगायोग म्हणावा तर एक दिवस होतो, दोन दिवस होतो. आठ दिवस ग्रॅमचाही फरक न पडणारा योगायोग सरांनी ऐकला नव्हता. त्यांनी खणातून सुरा काढला. मुठीला ओव्याच्या धुरीचा वास येत होता. बाळंतिणीच्या खोलीतला वास. शिंगाच्या खरबरीत भागात एक पिवळा धागा अडकला होता, बाळाच्या दुपट्याचा.

"धुरपता," त्यांनी हाक मारली.

त्या दारात आल्या, सरांच्या हाताकडं बघितलं आणि पदर सारखा केला.

"हा आतल्या खोलीत कधी नेला होतास?"

"रोज नेत होते. दिवे लागायच्या टायमाला पोरीच्या उशाखाली ठेवायचा आन् पहाटं तुमच्या खणात."

"का?"

"का म्हंजी? कच्च्या बाळाच्या उशाला लोखंड ठेवतेत. रीतच हाय."

सरांचा आवाज चढला. "छप्पन साली माझ्या बापानं देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. तुझ्या बापानं सोडले. आणि तू आज उशाखाली लोखंड ठेवतीस?"

"देव सोडले वो. लोखंड कुठं सोडलं? माझ्या मायनं माझ्या उशाला विळा ठेवला व्हता, मी धम्मूच्या ठेवला. आता घरात विळा न्हाई का कोयता न्हाई. सुरीला बी प्लास्टिकची मूठ. तुम्हीच म्हणलाव, हे अस्सल हाय म्हणून." बोलता बोलता त्यांचं लक्ष वहीकडं गेलं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि बेरीज त्यांना चांगली येत होती. बोट फिरवत त्यांनी दोन्ही पानं खालपर्यंत वाचली, मग भिंतीशी खाली बसल्या.

आपण फारच ओरडलो, असं सरांना वाटलं. खरं तर सुरा घरात आणला होता त्यांनीच.

५

त्याच संध्याकाळी त्यांनी सुरा कॉलेजात नेला, कपाटाला नवं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. घरापासून कॉलेज दोन किलोमीटर. शुक्रवारी सकाळी पोर चार ग्रॅमनं कमी भरली. सर काटा पिशवीत घालून कॉलेजात गेले. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी कुलूप काढलं. वर पोरं धडाधड जिना उतरत होती आणि प्रत्येक पावलागणिक कपाटाचा पत्रा थरथरत होता. सुरा तीनशे चार भरला. म्यानात हलवून बघितला तर आता आवाजच येत नव्हता.

म्हणजे उशाखाली असायची त्याला गरज उरली नव्हती.

शनिवारी त्यांनी देगलूरची एसटी धरली. शिवलिंगचं दुकान बसस्टँडच्या मागं, पुढं गल्ला आणि मागं राहायचं घर. सुऱ्याची पिशवी बघून त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला.

"एकशेवीस वर्षं तरी जुना आहे," सर म्हणाले. "कागद लिहून आणलाय. वस्तू ताब्यात घ्या."

शिवलिंगनं सुरा म्यानातून ओढला. पातं उजेडात आलं तसा तो अर्धवट उठला.

"सर, हा आमचा न्हाई."

"तुमचाच आहे."

"आमच्याचं पातं झिजून पार गेल्यालं व्हतं. हातात घेतला की खुळखुळायचा. ह्यो तर काल बाजारातून आनल्यावानी दिसून राहिला." त्यानं सुरा गल्ल्यावर ठेवला, लांब सरकवला. "तुम्ही शिकल्यालं मानूस. तुम्ही असं बदलाबदली करावं?"

सरांच्या कानशिलात गरम झालं. तीस वर्षांत लोकांनी त्यांच्या हातात सोन्याचे होन दिले होते, कोणी वळून मोजलं नव्हतं. त्यांनी मोबाइल काढला, रोजचे फोटो एकामागून एक दाखवले. शिवलिंग बघत होता, पण त्याची नजर फोटोवर ठरत नव्हती.

"फोटोत काय बी करता येतंय आताच्याला," तो म्हणाला.

मागच्या दारात बाजेवर त्याची आई गुणाबाई तूर पाखडत बसली होती. सुपाचा आवाज थांबला.

"सर, घरी लेकरू हाय काय?" तिनं विचारलं.

"नात आहे. पंचवीस-सव्वीस दिवसांची."

म्हातारीनं मान खाली घातली. सुपातल्या तुरीवरून ती उगाच हात फिरवत राहिली.

"शिवलिंगा, पावती घेतली व्हतीस का रे?"

"न्हाई, अव्वा. तू म्हणली तसंच केलं."

"मग सरांकडं आपलं काय बी न्हाई," म्हातारी म्हणाली आणि परत पाखडू लागली.

सरांनी पुष्कळ विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं, हात जोडले. सूप तेवढं हलत राहिलं. शिवलिंगनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. सुरा वाटेत कुठंतरी फेकून द्यावा, असं पुलापुलावर मनात येत होतं. हात काही उचलला नाही. आता त्या पात्यात पोरीचे सदतीस ग्रॅम होते, ते नदीत कसे टाकायचे?

६

वाढलेलं परत कमी करता येतं का, हे बघायला हवं होतं. रविवारी सुरा ३१३ आणि पोर १,८५८. सकाळी नऊच्या सुमारास सर धार लावायचा दगड घेऊन मागच्या अंगणात बसले. दगडावर पाणी शिंपडलं आणि धार एकदाच, अगदी हलक्या हातानं ओढली.

खर्र.

आतल्या खोलीत पोर किंचाळली. दहा दिवसांत तिच्या अंगात रडायचं त्राण नव्हतं, नुसती कुरकुरायची. आता ती अशी ओरडली, की शेजारची कोंडाबाई कुंपणाशी आली. धम्मप्रिया पोरीला छातीशी धरून बाहेर धावली.

"पप्पा, झोपली होती हो. अचानक काय झालं हिला?"

सरांनी दगड पायाखाली सरकवला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. दुसऱ्यांदा ओढून बघायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

मग त्यांना जे येत होतं, तेच ते करत बसले. खूण बगळ्याची, घाट अमुक, मूठ अमुक, असं करत इंटरनेटवर त्यांना त्या कारखान्याचं जुनं छापील सूचीपत्र सापडलं. पिवळ्या पानावर हुबेहूब हाच सुरा काढलेला होता. खुरांची टोकं, पळतं हरीण. मागं कुत्री पाच. पातं ३२ मिलिमीटर, वजन ३४० ग्रॅम. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती आणि तिच्यात ५८ असा आकडा होता. जर्मन येत नाही तर उगाच शिरू नये, म्हणून सरांनी ती ओळ सोडून दिली.

तीनशे चाळीस. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा तो एवढा होता. आता आहे तीनशे तेरा. राहिले सत्तावीस. पोरीतून सत्तावीस गेले तर उरते अठराशे एकतीस, अठराशेच्या वर. सरांनी हिशेब दोनदा पडताळला, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची किळस आली. नातीच्या अंगातलं किती गेलेलं चालेल, हे आपण आकडेमोड करून ठरवतोय, आणि वर खूशही होतोय.

धुरपताबाईंना त्यांनी वही दाखवली.

"म्हंजी भरलं की सोडंल?" त्यांनी विचारलं.

"सोडायला पाहिजे. नव्याहून नवं काही होत नसतं."

"कशावरून?"

सरांनी वही मिटली. धुरपताबाई उठल्या आणि पोरीच्या पायाला तेल चोळायला आत गेल्या. लेकीला दोघांनीही काही सांगितलं नाही. सुरा तेवढा टेबलाच्या खणात, सगळ्यांपासून लांब राहिला, आणि घरातला जो तो त्या खोलीतून जाताना भिंतीकडून जाऊ लागला. का, ते धम्मप्रियालाही सांगता आलं नसतं.

सहा सकाळी काटा 'टीं' वाजला. सरांनी सहा वेळा दोन्ही पानांवर लिहिलं. चौथं कुत्रं मंगळवारी आलं, पाचवं शुक्रवारी.

७

शनिवारी सुरा ३४० भरला. रविवारीही ३४०. पोर अठराशे तेहेतीस.

सरांनी काट्यावर परत परत मीठ ठेवून बघितलं. सोमवारी अठराशे अडतीस, मंगळवारी बेचाळीस, बुधवारी सेहेचाळीस. पोर डोळे उघडून दिव्याकडं बघू लागली, भुकेनं रडू लागली, आणि ते रडणं ऐकत घरातली माणसं कामं सोडून उभी राहायची. आदर्श नांदेडहून पेढे घेऊन आला. नाव ठेवायचा दिवस ठरला. धम्मप्रियानं एक लांबलचक नाव सुचवलं, तेव्हा धुरपताबाई म्हणाल्या, आधी दोन किलोची होऊ द्या, मग एवढं मोठं नाव ठेवा. त्यावर सगळे हसले. सरही हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना जेवण गोड लागलं.

गुरुवार उजाडला. दोन गुरुवार खोली बंद राहिली होती, आज जायचं ठरवून सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सुरा कॉलेजच्या कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली प्राचार्यांकडं देऊन टाकायची. संग्रहालयात एक अनामिक देणगी. ओळखपत्रही त्यांनी रात्रीच लिहून ठेवलं होतं: जर्मन शिकारी सुरा, साधारण १८९० ते १९१०, स्थिती उत्तम.

आठ वाजता पोरीचं वजन झालं. अठराशे पंचेचाळीस.

कालच्याहून एक कमी. एक ग्रॅम म्हणजे काही नव्हे. शी केली असेल, दूध ओकली असेल. तरी सरांनी दार लोटून सुरा काट्यावर ठेवला. ३४०. पातं म्यानात सरकवलं. ते इतकं घट्ट बसलं, की मधे केससुद्धा गेला नसता. म्यान उचलून त्यांनी पिशवीत घालायला घेतलं.

आणि ते वाजलं.

अगदी बारीक. सुरा पहिल्या दिवशी खुळखुळला होता तसं नाही, त्याहून कितीतरी हलकं. सरांनी म्यान धरून पुन्हा हलवलं. मोठं पातं जागचं हललं नाही. आवाज कडेनं येत होता.

त्यांनी सुरा काढून बाजूला ठेवला. काटा शून्यावर आणला आणि रिकामं म्यान त्यावर ठेवलं. काटा 'टीं' वाजला. ९७.

म्यानाचं तोंड त्यांनी खिडकीकडं धरलं. मोठ्या कप्प्यात ऊन तळापर्यंत गेलं. शेजारच्या अरुंद खोबणीत ते शिरलंच नाही. सरांनी करंगळी आत घातली. चामडं, चामडं, शिवणीचा दोरा. मग तळाशी गार काहीतरी नखाला लागलं. सुईएवढं असेल. बोट लागताच ते एका बाजूला कलंडलं, आणि पुन्हा वाजलं.

सर खुर्चीत बसले. ५८ हा आकडा कशाचा होता, हे कळायला त्यांना आता जर्मनची गरज नव्हती. जोडसुरीच्या अठ्ठावन्न ग्रॅमांतला एक आलेला आहे. राहिले सत्तावन्न. अठराशे पंचेचाळीसमधून सत्तावन्न गेले तर अठराशेच्या बारा खाली.

"पप्पा," आतून धम्मप्रियानं आवाज दिला. तिच्या आवाजात पेढ्यांच्या दिवसाचा आनंद अजून होता. "किती भरलं आज? लिहिलं का?"

सरांनी वही उघडली. पहिल्या डाव्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात नोंद होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'जोडसुरी' पुढचा 'गहाळ' हा शब्द खोडला. मग आवाज आत जाऊ नये म्हणून ते म्यान दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिले.